वुपर नदीवरची लटकती गाडी

(दृश्य: वुपरटालच्या फोहविंकेल भागातला रस्ता. दोन्ही बाजूंना घरं. वरून निळी गाडी येते.)

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या आहेत आणि त्या खिडकीसमोरून आत्ता गेली ती गाडी. वर एकच रूळ आहे आणि गाडी त्याला लटकलेली आहे. खाली मोटारी चालल्यात, सायकलवरच्या बाईंनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. रोजचंच आहे त्यांना.

हे जर्मनीतलं वुपरटाल शहर आणि ही इथली श्वेबेबान. १ मार्च १९०१ रोजी ती लोकांसाठी सुरू झाली. आजही लोक तिनेच कामावर जातात, शाळेत जातात, बाजारहाट करून घरी येतात.

(दृश्य: लोकलच्या खिडकीतून झाडं, मग डोंगरउतारावरची घरं.)

इथे आमची एक मैत्रीण नोकरीनिमित्त राहते. शनिवार-रविवार तिच्याकडे काढायचे ठरवून आम्ही ड्युसेलडॉर्फहून एस-८ लोकल पकडली. जर्मनी बघायला येणारी बहुतेक मंडळी बर्लिनला जातात, म्युनिकला जातात, कोलोनचं कॅथेड्रल बघतात. वुपरटालचं नाव त्यांच्या यादीत सहसा नसतं. आमच्या यादीत ते सगळ्यात वर होतं. सव्वाशे वर्षं जुनी सार्वजनिक वाहतूक अजून कशी धावते, हे आम्हाला आत बसून बघायचं होतं.

(दृश्य: टेकडीवरून दरी. मध्ये नदी, नदीवर हिरवा लोखंडी सांगाडा.)

इथून पाहिलं की सगळा मामला ध्यानात येतो. दरी अरुंद, दोन्ही बाजूंना चढण आणि तळाला वुपर नदी. एकोणिसाव्या शतकात या दरीत एल्बरफेल्ड आणि बार्मेन अशी दोन वेगळी शहरं होती. कापडाच्या धंद्यावर दोन्ही फुगत गेली. कारखाने नदीकाठी आणि कामगारांची घरं चढावर. रस्त्यांवर आणखी काही मावेना. जमिनीखालून गाडी न्यावी तर खाली खडक आणि पाणी. मोकळी जागा एकच उरली होती, नदीच्या डोक्यावरची.

ती जागा वापरायची युक्ती होती ऑयगेन लांगेन यांची. लांगेन कोलोनचे. धंदा साखरेचा, डोकं इंजिनिअरचं. ज्या निकोलाउस ऑटो यांच्या नावाने चार-स्ट्रोक इंजिन ओळखलं जातं, त्यांचे हे भागीदार. लांगेन यांनी लटकत्या गाडीचे प्रयोग केले, १८९४ मध्ये या दोन शहरांनी त्यांची पद्धत पसंत केली आणि पुढच्याच वर्षी ते वारले. आपली गाडी धावताना त्यांना पाहायला मिळाली नाही.

(दृश्य: नदीकाठी तिरके रोवलेले खांब, पाण्याच्या पातळीवरून.)

१८९८ मध्ये काम सुरू झालं. हे खांब नीट पाहा. नदीच्या दोन्ही काठांवरून पाय फाकवून उभे आहेत, म्हणजे पात्र मोकळं राहतं. रस्त्यावरच्या भागात हेच खांब सरळ उभे कमानीसारखे होतात. एकूण मार्ग १३.३ किलोमीटर, स्थानकं २०. त्यातला सुमारे १० किलोमीटर भाग नदीवरून, पाण्यापासून साधारण १२ मीटर उंचीवर, आणि बाकीचा फोहविंकेल आणि झोनबॉर्नच्या रस्त्यांवरून. ऑक्टोबर १९०० मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म चाचणीच्या फेरीत बसला. मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत गेला आणि १९०३ मध्ये पूर्वेकडचं शेवटचं टोक जोडलं गेलं.

(दृश्य: स्थानकाच्या छताखालून चाकांचा क्लोज-अप.)

हा शॉट मिळवायला आम्ही फलाटाच्या टोकाला बराच वेळ उभे होतो. चाकं डब्याच्या वर आहेत, एकामागे एक, एकाच रुळावर. प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी कडा आहे, त्यामुळे ते रुळावरून घसरत नाही. चाकापासून वाकडा पोलादी हात खाली येतो आणि त्या हाताला डबा टांगलेला असतो. वळणावर डबा आपसूक बाहेर कलतो. उभ्या प्रवाशाला झोक्यावर बसल्यासारखं हलकंसं जाणवतं, पण हातातली कॉफी सांडत नाही.

दरवाजे फक्त उजव्या बाजूला. गाडी कधी उलटी धावतच नाही. दोन्ही टोकांना रुळाचा गोल फेरा आहे, त्यावरून ती वळून परत येते. म्हणून चालकाची केबिन पुढच्या टोकाला एकच आणि मागच्या टोकाला मोठी काच. त्या काचेजवळची जागा शहरातल्या सगळ्या पोरांना हवी असते. शनिवारी ती आम्हाला मिळाली.

(दृश्य: मागच्या काचेतून दूर जाणारा रूळ, खाली नदी. निवेदन थांबते. गाडीचा आवाज.)

(दृश्य: नदीचं पाणी, दगडावर बगळा.)

या नदीने खूप सोसलंय. १८३९ मध्ये, अठरा वर्षांच्या एका मुलाने वुपरच्या खोऱ्याबद्दल वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. नदीचं पाणी तांबडं का, तर काठावरच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांमुळे, असं त्याने त्यात नोंदवलं. तो मुलगा बार्मेनच्या कापड कारखानदाराचा, पुढे कार्ल मार्क्सचा साथीदार झालेला फ्रेडरिक एंगल्स. तांबडा रंग तेव्हा मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून काढत. मग रासायनिक रंग आले. १८६३ मध्ये बायर कंपनी बार्मेनमध्ये रंग बनवण्यासाठीच सुरू झाली आणि पुढे १८९७ मध्ये तिच्या एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिन तयार झालं. श्वेबेबान आजही बायरच्या कारखान्याच्या मधून जाते, दोन्ही बाजूंना नळ आणि टाक्या. आज पाणी स्वच्छ आहे, त्यात मासे आहेत, आणि बगळा कशासाठी थांबलाय ते दिसतंच आहे.

(दृश्य: घराच्या भिंतीवर रंगवलेला हत्ती.)

हा हत्ती मात्र पाण्यात पडला होता. खरोखर. २१ जुलै १९५० रोजी एका सर्कशीने जाहिरातीसाठी टुफी नावाच्या छोट्या हत्तिणीला श्वेबेबानमध्ये चढवलं. गर्दी आणि आवाजाने ती बिथरली, डब्याची बाजू फोडून तिने थेट वुपरमध्ये उडी घेतली. किरकोळ खरचटण्यापलीकडे तिला काही झालं नाही. त्या क्षणाचा खरा फोटो कोणाकडे नाही. पोस्टकार्डावर दिसतो तो जुळवलेला आहे. टुफी पुढे १९८९ पर्यंत जगली. इथे टुफी नावाचं दूधही मिळतं. मैत्रिणीच्या फ्रिजमध्ये होतं, रविवारचा चहा आम्ही त्याचाच केला.

(दृश्य: वेर्टर ब्र्युकं स्थानक. लाकूड, काच, वळणदार लोखंडी नक्षी. मग ओलिग्जम्यूलं स्थानकाची काच.)

दोन स्थानकं, एकाच मार्गावरची. पहिलं जुन्या घाटाचं, दुसरं नव्या घाटाचं. आम्हाला या गाडीचं मोल वाटतं ते इथे. या शहराने तिला संग्रहालयात नेऊन ठेवलं नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २०१४ पर्यंत खांब आणि पूल जवळजवळ सगळे बदलले, काही जुनी स्थानकं पूर्वीच्याच रूपात पुन्हा उभारली. डिसेंबर २०१६ पासून या निळ्या गाड्या आल्या, एकूण ३१. मार्ग तोच. झिजलं ते बदलायचं आणि गाडी चालू ठेवायची. महायुद्धातल्या बाँबफेकीत मार्गाचं मोठं नुकसान झालं होतं, तरी १९४६ मध्ये ती पुन्हा पूर्ण धावू लागली होती. एप्रिल १९९९ मध्ये दुरुस्तीनंतर रुळावर राहून गेलेल्या लोखंडी पकडीला पहाटेची पहिली गाडी धडकून नदीत कोसळली, पाच प्रवासी दगावले. नोव्हेंबर २०१८ मध्ये वीज पुरवणारी पट्टी निखळली, तेव्हा सेवा ऑगस्ट २०१९ पर्यंत बंद होती.

(दृश्य: नदी, वरून रिकामा रूळ. निवेदन नाही.)

(दृश्य: रविवार. दगडी पूल, त्यावरून चालणारे आणि सायकलवाले. मग लेगोच्या ठोकळ्यांसारखा रंगवलेला पूल.)

रविवारी दुकानं बंद, सगळं शहर इथे. ही नॉर्डबानट्रासं. एकेकाळी इथून रेल्वे जायची. ती बंद पडल्यावर नागरिकांनी स्वतः पुढाकार घेतला, आणि २०१४ च्या अखेरीस जुने पूल आणि बोगदे धरून सुमारे २२ किलोमीटरची चालण्याची आणि सायकलची वाट पूर्ण झाली. लेगोसारखा दिसणारा पूल काँक्रीटचाच आहे, फक्त रंगवलाय.

(दृश्य: मैत्रीण पुलाच्या कठड्याशी, खाली बोट दाखवते.)

आमची मैत्रीण मूळची मडगावची. तिथे कोकण रेल्वेने ‘स्कायबस’ नावाने अशीच लटकती गाडी करून पाहिली होती. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीच्या वेळी अपघात झाला, एक कर्मचारी मरण पावला आणि काम पुढे गेलं नाही. काही वर्षांनी ते खांबही उतरवले. “शाळेत जाता-येता दिसायचे गं ते खांब,” ती म्हणाली. “लहानपणी वाटायचं, यावरून गाडी कधी जाणार? आता रोज सकाळी ऑफिसला अशाच गाडीतून जाते, आणि आई फोनवर दर वेळी विचारते, पडणार नाही ना?”

तिच्याकडे डॉइचलँड टिकीट आहे. महिन्याला एकदाच पैसे भरायचे, मग श्वेबेबान, बस आणि देशभरातल्या लोकल सगळ्या त्यावर चालतात. मोटार घ्यावी असं तिच्या अजून मनातही आलेलं नाही.

(दृश्य: फोहविंकेल स्थानकाचा जिना, फलाट, गाडी आत येते.)

तुम्ही आलात तर फोहविंकेलला चढा आणि मागच्या काचेजवळ जागा धरा. सुरुवातीला घरांच्या खिडक्या अगदी हाताशी येतात. झोनबॉर्नला गाडी महामार्गावरून जाते आणि तिथून पुढे नदी लागते, ती ओबरबार्मेनपर्यंत, म्हणजे शेवटच्या स्थानकापर्यंत सोबत असते. अर्धा तास पुरतो. शनिवारी दुपारी गर्दी असते, रविवारी सकाळी निघा.