बाळू पालवणकर आणि डॉ. आंबेडकर : १९३७ ची एक लढत

नमस्कार श्रोतेहो.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यानं प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेसाठी मतदान झालं. मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. शेतसारा, घरभाडं, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच तो होता. त्या निवडणुकीतली एक लढत माझ्या मनातून जात नाही.

मुंबईच्या ई आणि एफ वॉर्डात, म्हणजे भायखळा-परळकडच्या गिरणगावात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. आदल्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. काँग्रेसनं त्यांच्यासमोर उभं केलं पालवणकर बाळूंना. क्रिकेटमधल्या हिंदू संघाचे ते थोर डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. पण पुण्यात याच खेळाडूला चहा मिळायचा तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून पीत. ज्याच्या चेंडूवर संघ जिंकतो, त्याला कप नाही! आज सांगतानाही जीव तुटतो.

अशा दोन माणसांना, दोघेही दलित, पक्षांच्या राजकारणानं समोरासमोर आणलं. काँग्रेसचा हिशेब उघड होता. गांधी-आंबेडकरांच्या १९३२ च्या पुणे करारानं राखीव जागांवर मतदान संयुक्त झालं होतं, त्यामुळे सवर्णांची मतंही निर्णायक ठरणार होती. आणि बाळूंचं नाव सगळ्यांच्या ओठी. बाबासाहेबांच्या बाजूनं एक गोष्ट होती. मुंबई प्रांतात मतदारसंघातल्या जागा असतील तितकी मतं प्रत्येकाला मिळत आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. चाळीतल्या गिरणी कामगाराला ते नीट समजावून सांगणं हाच खरा प्रचार, असं मला वाटतं.

निकाल लागला : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. अवघ्या २,०२० मतांचा फरक! स्वतंत्र मजूर पक्षाचे १७ पैकी बहुतेक उमेदवार निवडून आले. सर्वांत मोठा पक्ष मात्र काँग्रेसच ठरला आणि जुलैत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं.

त्याच सप्टेंबरात बाबासाहेबांनी कोकणातली खोती, म्हणजे खोत नावाच्या मध्यस्थांनी कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक विधानसभेत मांडलं. कुळांच्या घामावर खोतांनी पिढ्यान्‌पिढ्या मजा मारली होती. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले. विधेयक तरीही मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यानं.