जागलीत वाचलेला पाचवा भाग

रामराम मंडळी. आज हॅरी पॉटर, त्या जादूच्या शाळेतल्या पोराच्या गोष्टीच्या पाचव्या भागाबद्दल, ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’बद्दल बोलाचं आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, ज्यानं वाचला नसन त्याले शेवट कळून जाईल, तवा त्यानं पाच-सात मिनिटं रेडिओ बारीक करा.

गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याले पाणी देणं चालू होतं. थ्री फेज लाइन रात्रीची, म्हणजे स्प्रिंकलर लावाचा, दोन-तीन घंटे बसाचं, मग पाइप बदलवाचे, आणि डुकरं येतात म्हणून जागल तं तशीही असतेच. त्या मधल्या वेळात बॅटरीच्या उजेडात वाचला. २००३ सालचं पुस्तक, इंग्लंडातल्या पहिल्या आवृत्तीची पानं ७६६, सातही भागांत सगळ्यात जाड. खरं सांगतो, अर्ध्यापर्यंत मले राग येऊन राह्यला होता. हॅरी पंधरा वर्षांचा, जो भेटन त्याच्यावर ओरडते, मित्रांवरही, पानामागून पानं तेच. शाळेचा रखवालदार हॅग्रिड, त्याच्या त्या राक्षस भावाचं प्रकरण तं निम्मं केलं असतं तरी चाललं असतं.

पण त्याच्यातच त्या घोड्यांची गोष्ट आहे. शाळेच्या बग्ग्या आधी आपोआप चालताना दिसत होत्या ना, त्या पाचव्या भागात हॅरीले दिसते का त्याईले घोडे जुंपले आहेत, हाडं निघालेले, पंखवाले, आणि सोबतच्या दोस्ताले, रॉनले, काहीच दिसत नाही. थेस्ट्रल म्हणतात त्याईले. ज्यानं डोळ्यासमोर कोणाले मरताना पाह्यलं त्यालेच ते दिसतात. चौथ्या भागात हॅरीच्या समोर त्याच्या शाळेतला सेड्रिक गेलेला असते. लुना नावाची पोरगी त्याले सांगते का मले तं पहिल्या दिवसापासून दिसतात, तिची माय ती नऊ वर्षांची असताना गेली होती.

इथं मी पुस्तक बंद केलं. मी सातवीत होतो तवा माझ्या काकाले वावरात घोणस चावली, जीपमधी तालुक्याले नेता नेता रस्त्यातच गेला, डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्यानंतर घरात ती गोष्ट निघाली का कोणीतरी म्हणे, लेकरासमोर नको, आणि मले बाहेर धाडत. शाळेतही कोणी विचारलं नाही. मी लय चिडत होतो तवा, ताट फेकत होतो, माय म्हणे याले काय झालं. म्हणून हॅरीचं ते ओरडणं मले मागं जाऊन पुन्हा वाचा लागलं, आणि या वेळेस ते जास्त वाटलं नाही. वोल्डेमॉर्ट नावाचा दुष्ट जादूगार परत आला असं हॅरी सांगते, तं जादूगारांचं मंत्रालय आणि पेपर त्याले खोटारडा म्हणतात, मंत्रालयानं शाळेत धाडलेली अंब्रिज बाई त्याच्याच रक्तानं त्याच्या हातावर ‘मी खोटं बोलणार नाही’ लिहून घेते, आणि ज्या हेडमास्तर डम्बलडोरवर सगळा भरवसा तो वर्षभर नजरेले नजर देत नाही, पोराच्या भल्यासाठीच. शेवटी तो म्हातारा कबूल करते का चूक माझी होती, आधीच सांगाले पाह्यजे होतं. माझ्या मते सातही भागांत मोठ्या माणसानं लहान्यापुढं बोललेलं एवढं खरं दुसरं काही नाही.

तरी एका गोष्टीसाठी लेखिकेवर माझा राग आहेच. हॅरीच्या मानलेल्या बापानं, सिरियसनं, त्याले एक आरसा देला असते, त्याच्यात पाहून बोलता येते, आणि हा पोरगा ती पुडी उघडूनही पाहत नाही. सिरियस संकटात आहे असं समजून हॅरी मंत्रालयात धावते, त्याले वाचवाले सिरियस येते, आणि ज्या पडद्यामागून कोणी परत येत नाही त्याच्यामागं पडते. पुडी उघडली असती तं हे झालंच नसतं. एवढ्या साध्या गोष्टीवर एवढा मोठा माणूस घालवला, आणि ना मयत, ना माती. मले ते पटलं नाही, आजही नाही.

काकाची पोरगी तवा रांगत होती, आता नववीत आहे. चौथा भाग वाचून झाला तिचा, पाचवा मांगून राह्यली आहे. देतो तिले, आणि ती त्या बग्ग्यांपाशी पोचली का जीपमधल्या त्या दिवसाबद्दल तिच्यासंगं पहिल्यांदा बोलाचं आहे मले.