तंबोऱ्याची चुंबळ

[दृश्य: हाडाच्या पट्टीवर फिरणारी कानस, अगदी जवळून]

हे पांढरं पीठ उडतंय ते हाडाचं आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या आधारावर, हाडाची पट्टी असते, आणि वाद्यं दुरुस्त करणारे चाचा तिच्यावरून कानस फिरवतायत. दोन हात मारले. फुंकर घातली. बोटाच्या पेरानं चाचपलं. परत एक हात. याला जवारी काढणं म्हणतात.

तंबोऱ्याची तार या पट्टीवर एका जागी टेकून राहत नाही. पट्टीला डोळ्याला दिसणार नाही इतका उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते, आणि मूळ स्वराच्या पोटातून वरचे स्वर फुटायला लागतात. खर्जाच्या तारेतून कुणी न वाजवलेला गंधार ऐकू येतो, तो या उताराची करणी. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. केसभर अलीकडे, तर आवाज मुका. केसभर पलीकडे, तर फाटका. मधे कुठेतरी ती एक जागा असते.

ती जागा शोधायला चाचांना दोन्ही हात मोकळे लागतात. ही फिल्म त्या दोन हातांसाठी आहे, आणि ते मोकळे करणाऱ्या एका स्टँडची.

[दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली, सकाळ. दुकानांतून टांगलेले भोपळे]

मिरज, जिल्हा सांगली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथले शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, पाणी देणारे कारागीर, वाद्यांकडे वळले. हत्यारांचे दिवस संपत आले होते. फरीदसाहेबांचं नाव या परंपरेत पहिलं घेतलं जातं. पुढे गल्लीला आणि माणसांच्या आडनावालाही सतारमेकर हेच नाव पडलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली ते गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. दरवर्षी उरसात तिथे गाणं होतं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

[दृश्य: भोपळ्याच्या आत हात घालून पाहणारा कारागीर]

हा कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात वाढतो, वाळवला की लाकडासारखा टणक होतो, आणि तरी आतून पोकळ, हलका. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची फळी, तुणीच्या लाकडाची. नवा तंबोरा घडताना बघायला लोक लांबून येतात, फोटो काढतात, आणि काढावेतही. पण गल्लीतलं निम्मं आयुष्य जुनी वाद्यं दुरुस्त करण्यात जातं. जवारी गेलेली, खुंटी सरकणारी, प्रवासात भोपळा तडकलेला, तबली बसलेली. ती वाद्यं मागच्या खोलीत असतात. म्हणून आम्ही कॅमेरा थेट मागच्या खोलीत नेला.

[दृश्य: जमिनीवर बसलेले चाचा. डावं पाऊल भोपळ्याखाली, गुडघा दांडीला लावलेला]

हे नीट बघा. चार-पाच फुटांचं वाद्य, खाली गोल भोपळा. कुठेही ठेवा, लवंडणारच. त्यामुळे तळपाय भोपळ्याखाली, गुडघा दांडीला, कोपर तबलीच्या कडेला. तार सैल करायची, घोडी काढायची, घासायची, परत बसवायची, तार चढवायची, सुरात आणायची, ऐकायचं. नाही जमलं, की परत सगळं पहिल्यापासून. एका वाद्याला असे फेरे किती होतात ते मोजायची इथे पद्धत नाही. आणि एवढा सगळा वेळ स्टँड म्हणजे चाचांचं स्वतःचं अंग.

[दृश्य: शिलाई मशीनचा बिडाचा जुना स्टँड, रस्त्यावरून ओढत आणताना]

स्टँडसाठी भंगारातून आणलेला हा शिलाई मशीनचा पाया. अक्षरं घासून गेलीत, गंज आहे, पण वजन मात्र तेच. कारखान्यात असलं वजन विकत घ्यावं लागतं, इथे ते किलोच्या भावात मिळालं. चाचांचा भाचा कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. सुट्टीच्या दिवशी त्यानं पायाच्या मधोमध एक पाइप उभा केला, त्यात दुसरा पाइप घातला, आणि दोन्हींतून आरपार भोकं पाडली. खीळ घालायची, उंची ठरवायची. घोडी बसलेल्या माणसाच्या छातीसमोर यावी, म्हणजे कान वाकवला की तार जवळ. ही उंची टेपनं नाही ठरवली. चाचा स्टुलावर बसले, डोळे मिटले, आणि भाचा पाइप वर-खाली करत राहिला.

[दृश्य: लहान मुलाच्या सायकलची रिम, वेल्डिंगच्या ठिणग्या]

आता भोपळा कशावर बसवायचा? आपल्याकडे याचं उत्तर घरोघरी होतं. डोक्यावर घागर ठेवायला बायका लुगड्याच्या पिळाची चुंबळ करायच्या. गोल बुडाच्या भांड्याला गोल आधार. लहान मुलाच्या सायकलची रिम आडवी जोडली, तिच्यावर जुन्या ट्यूबचे वेढे दिले, आणि झाली लोखंडी चुंबळ.

[दृश्य: पॉलिशवर उमटलेला काळा डाग, जवळून]

आणि हा तिचा पहिला प्रताप. रात्रभर एक वाद्य त्या ट्यूबवर राहिलं आणि सकाळी पॉलिशवर हा काळा पट्टा. रबर नुसतं टेकून राहिलं तरी पॉलिशला डाग देतं. दोन दिवस पॉलिशचा बोळा फिरवून तो काढावा लागला. ट्यूब गेली, सुती लुगड्याचा पीळ आला. डाग गेला, तर आवाज बसला. सगळीकडून कापडात रुतलेला भोपळा घुमणार कसा? तार तीच, घोडी तीच, पण जवारी कळेना. स्टँडवर लावलेली जवारी खाली उतरवल्यावर वेगळीच निघाली, म्हणजे सगळी मेहनत वाया.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला खरा शोध यानंतरचा आहे.

[दृश्य: रिमवर तीन ठिकाणी बसवलेल्या नमद्याच्या गाद्या. चाचांचं बोट एकेकीवर]

लुगडं सोडलं. रिमवर तीनच ठिकाणी, लिंबाएवढ्या, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या गाद्या बसवल्या. तिवई कधी डुगडुगत नाही, हे आपण लहानपणापासून बघतो. भोपळा शेतात वाढतो, साच्यात नाही. कुठलेच दोन भोपळे सारखे नसतात, एकही पुरता गोल नसतो. चार ठिकाणी टेकवला तर एक गादी रिकामी राहणारच. तीन ठिकाणी कसाही भोपळा बसतो, आणि बाकीचं सगळं अंग मोकळं राहतं. बुडाशी हलका टेकलेला, वर उघडा. गवयाच्या बाजूला जमिनीवर टेकून उभा असतो, तसाच.

[दृश्य: बाभळीची बेचकी, आतून चामडं, वरून नवारीची पट्टी]

दांडीसाठी बाभळीची बेचकी. गलोलीची असते तशीच, फक्त रुंद. आत चामडं, वरून बाजेच्या नवारीची पट्टी. पट्टी दांडीवर येते, तबलीवर कधीही नाही. तबलीला काही लागलं की आवाज गेला. बेचकीचा दांडा मागे-पुढे सरकतो, कारण बायकी तंबोरा आखूड, मर्दानी लांब. सगळ्याच्या खाली एक बोल्ट आहे. तो सैल केला की पूर्ण वाद्य कुशीवर वळतं, आणि खुंट्या समोर येतात. पूर्वी खुंटीचं काम आलं की वाद्य मांडीवर आडवं घ्यावं लागायचं. डाव्या हाताला छोटा लाकडी व्हाइस आहे. घोडी त्यात धरायची, घासायची, आणि न उठता परत तारांखाली.

[दृश्य: चाचा स्टुलावर. दोन्ही हात तंबोऱ्यावर, पाय जमिनीवर सरळ]

डावा हात तारेवर, उजव्या हाताच्या चिमटीत धागा. वाद्य आपलं आपण उभं आहे.

गुडघ्यांचं दुखणं कमी झालंय, आणि अडकून पडलेली वाद्यं लवकर घरी जायला लागलीत.

[दृश्य: एकेक तार. पंचम, दोन जोड, खर्ज. निवेदन नाही]

[दृश्य: भिंतीवर खडूनं लिहिलेली मापं]

रिमचा व्यास, पाइपाची उंची, बेचकीचं अंतर, गाद्यांची जागा. हे सगळं चाचांनी दाराशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवलंय, रस्त्यावरून दिसेल असं. कुणालाही उतरवून घेता यावं म्हणून त्यांनी मुद्दाम तीच भिंत निवडली.

[दृश्य: शेजारच्या दुकानातला मुलगा, हातात टेप आणि वही]

हा शेजारच्या दुकानातला. त्याच्याकडे रिम आहे, पाया अजून मिळालेला नाही.