काचेमागच्या वस्तूंचे पुढचे आयुष्य

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच ‘तिथे आपले काय काय आहे’ या प्रश्नाकडे वळते. तो प्रश्न रास्तच आहे. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पांपासून पश्चिम आफ्रिकेतील बेनिन राज्याच्या पितळी फलकांपर्यंत अनेक वस्तूंच्या बाबतीत तो विचारलाच पाहिजे. आज मात्र मी त्याच्या शेजारचा एक प्रश्न घेतो आहे, ज्याकडे सहसा कोणी वळत नाही. वस्तू संग्रहालयात दाखल झाल्यानंतर तिचे पुढे काय होते? ती तिथे निवांत पडून राहते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिला हाताळणारे, मांडणारे, तिच्याखाली माहितीची पाटी लावणारे आणि तिच्यासाठी रांगेत उभे राहणारे लोक मिळून तिचे चरित्र पुढे नेत असतात. ते चरित्र कधी कधी तिच्या मूळ इतिहासाहून कमी नाट्यमय नसते.

संस्थेचा आरंभ थोडक्यात सांगतो. सर हान्स स्लोन या धनाढ्य वैद्याने आयुष्यभर जमवलेल्या एकाहत्तर हजारांच्या आसपास वस्तू, आपल्या वारसांना वीस हजार पौंड द्यावेत या अटीवर राष्ट्राला देऊ केल्या. १७५३ मध्ये पार्लमेंटने तसा कायदा केला आणि पैसा उभारला तो चक्क सार्वजनिक सोडत काढून. १५ जानेवारी १७५९ रोजी दारे उघडली. प्रवेश विनामूल्य होता, पण तो मिळवणे सोपे नव्हते. आधी लेखी अर्ज करायचा, मग प्रवेशपत्राची वाट पाहायची आणि ठरल्या दिवशी एका टोळीबरोबर आत जायचे, अशी रीत होती. बर्मिंगहॅमचा इतिहासकार आणि पुस्तकविक्रेता विल्यम हटन याने १७८४ मध्ये दुसऱ्याचे प्रवेशपत्र पैसे मोजून मिळवले आणि आत गेला. वाटाड्याने सगळ्यांना अर्ध्या तासात दालनांतून पळवत नेले. हटनने एक प्रश्न विचारला, तर त्यालाच झिडकारण्यात आले. हटनने ही हकीकत लिहून ठेवली आहे आणि तिच्यातला सल प्रत्येक संग्रहालयाने आजही लक्षात ठेवावा असा आहे. समोर नवल आहे, पण ते काय आहे हे सांगणारे कोणी नाही, अशा वेळी पाहणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही.

संग्रहातील वस्तूंकडे संग्रहालयातले लोकही किती लक्षपूर्वक पाहत होते, याचा एक मजेदार दाखला आहे. १८४६ मध्ये इजिप्तच्या वाळवंटातून आलेली एक गोगलगाय मृत समजून पुठ्ठ्यावर चिकटवली गेली आणि नमुना म्हणून ठेवण्यात आली. चार वर्षांनी, १८५० च्या मार्चमध्ये, शंखाच्या तोंडावर ताज्या पडद्याची खूण कोणाच्या तरी नजरेस पडली. पुठ्ठा कोमट पाण्यात घातला आणि थोड्याच वेळात गोगलगाय शंखातून बाहेर डोकावली. ती पुढे सुमारे दोन वर्षे जगली आणि कोबीची पाने खात राहिली. तेव्हा निसर्गविज्ञानाचा संग्रह याच इमारतीत होता. १८८० च्या दशकात तो साउथ केन्सिंग्टनला हलवण्यात आला.

आता ज्या वस्तूपाशी मला जरा रेंगाळायचे आहे ती म्हणजे पोर्टलंड फुलदाणी. गर्द निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर चढवून, तो कोरून आकृती उठवलेली ही वीतभर उंचीची रोमन फुलदाणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. १८१० पासून ती पोर्टलंडच्या ड्यूकने संग्रहालयाकडे ठेवायला दिलेली होती. १८४५ च्या फेब्रुवारीत एका मद्यधुंद तरुणाने शेजारचे एक दगडी शिल्प उचलून तिच्यावर आदळले. पेटीची काच फुटली आणि फुलदाणीचे दोनशेहून अधिक तुकडे झाले. पुढचा भाग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखा आहे. मालमत्तेच्या नुकसानीचे तेव्हाचे कलम पाच पौंडांपर्यंतच्या वस्तूंनाच लागू होत असे, आणि फुलदाणी त्याहून कितीतरी मौल्यवान होती. त्यामुळे त्या तरुणाला शिक्षा झाली ती केवळ काचेची पेटी फोडल्याबद्दल. दंड झाला तीन पौंडांचा, आणि तोही कोणा अनामिकाने भरला.

जॉन डबलडे या कारागिराने काही महिन्यांत ती फुलदाणी जोडून पुन्हा उभी केली. परंतु सदतीस बारीक कपच्या कोणत्याच जागी बसेनात. त्या नीट ठेवता याव्यात म्हणून सदतीस खणांची एक पेटी करायला एका कारागिराकडे दिल्या गेल्या. तो कारागीर वारला, पेटी राहून गेली आणि कपच्याही विस्मरणात गेल्या. शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये, त्या परत संग्रहालयात आल्या तेव्हा कोणत्या वस्तूच्या आहेत हेच प्रथम ओळखता येईना. त्यानंतर फुलदाणी सोडवून पुन्हा जोडण्यात आली, तरी त्यांतल्या जेमतेम तीन कपच्या बसल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुना डिंक पिवळा पडून सांधे ढिले झाले, म्हणून ती तिसऱ्यांदा सोडवली आणि आधुनिक इपॉक्सीने जोडली. या वेळी उरलेल्या बहुतेक कपच्यांना त्यांची जागा सापडली. आज तिच्यापुढे उभे राहणाऱ्याला एक अखंड रोमन फुलदाणी दिसते. माझ्या मते तिच्या पाटीवर त्या तीन दुरुस्त्यांना रोमन कारागिराइतकीच जागा मिळायला हवी.

रोझेटा शिळेची गोष्ट याहून वेगळी आहे. १७९९ मध्ये इजिप्तमध्ये सापडलेली ही शिळा १८०२ पासून संग्रहालयात आहे. एकच राजाज्ञा तीन लिप्यांत कोरलेली असल्यामुळे इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे तिच्या आधारे सुटले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु लोकांनी तिला दिलेले रूप आपण शिकलो नाही. सुरुवातीच्या विद्वानांनी छाप घेण्यासाठी तिच्यावर शाई फासली, अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत पांढरा खडू भरला, वरून मेणाचा थर दिला, आणि कित्येक पिढ्यांच्या पाहुण्यांनी तिच्यावरून हात फिरवला. या सगळ्यामुळे ती इतकी काळी दिसू लागली की तिला बेसाल्ट समजण्यात येई. १९९९ मध्ये ती स्वच्छ केली तेव्हा आतला करडा, ग्रॅनाइटसारखा ग्रॅनोडायोराइट दगड आणि वरच्या कोपऱ्यातून जाणारी गुलाबी शीर दिसली. आता ती काचेच्या पेटीत आहे. हात लावण्याची हौस भागवण्यासाठी जवळच्या प्रबोधनकाळाच्या दालनात तिची प्रतिकृती उघडी ठेवली आहे, आणि ही सोय मला शहाणपणाची वाटते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७ च्या सुमारास, बाँबहल्ल्यांच्या भीतीने तिला होल्बर्नजवळच्या टपालाच्या भुयारी रेल्वेस्थानकात, पन्नास फूट खोल, नेऊन ठेवले होते.

पाटीचा उल्लेख मी मघाशी केला. पाटीवर आपण किती विसंबतो, हे दोन वस्तूंनी दाखवून दिले आहे. स्फटिकाची एक कवटी १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीकडून विकत घेण्यात आली आणि दीर्घकाळ ती मेक्सिकोतल्या प्राचीन ॲझटेक लोकांची म्हणून ओळखली गेली. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर तिच्यावर फिरत्या चाकाच्या खुणा आढळल्या. तसे चाक स्पॅनिश येण्यापूर्वीच्या मेक्सिकोत नव्हते. कवटी एकोणिसाव्या शतकात युरोपात घडवली गेली असावी, असे आता पाटीच सांगते, आणि तरीही तिच्याभोवती गर्दी असतेच. दुसरी वस्तू म्हणजे २००५ मध्ये बँक्सी या चित्रकाराने परवानगीशिवाय भिंतीवर लावलेला दगड. त्यावर आदिमानवाच्या शैलीत बाजाराची ढकलगाडी ढकलणारा माणूस रेखाटला होता आणि खाली गंभीर भाषेतली खोटी पाटी होती. काही दिवस कोणालाही शंका आली नाही. २०१८ मध्ये संग्रहालयाने तोच दगड एका प्रदर्शनासाठी रीतसर उसना घेतला.

गर्दीचा विषय निघाला की १९७२ चे, इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामुन याच्या थडग्यातील वस्तूंचे प्रदर्शन सांगावेच लागते. थडग्याच्या शोधाला पन्नास वर्षे झाली म्हणून पन्नास वस्तू आल्या. त्या पाहण्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि येणाऱ्यांची संख्या जवळजवळ सतरा लाखांवर गेली. मिळालेला नफा नाईल नदीतील फिलेच्या मंदिरांना वाचवण्याच्या युनेस्कोच्या कामासाठी गेला. पुढे २०१३ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम या रोमन नगरांवरील प्रदर्शनाचे इंग्लंडमधील चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपण झाले. काही प्रदर्शने तर बाहेरच्या शहरांत जातात. २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भरलेल्या ‘भारत आणि जग’ या प्रदर्शनात ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू आणि भारतीय संग्रहांतील वस्तू एकमेकींशेजारी मांडल्या होत्या. ज्यांनी ते पाहिले, त्यांना दोन संग्रहांतला संवाद आठवत असेल.

आता उरलेल्या, न मांडलेल्या वस्तूंकडे वळतो. सुमारे ऐंशी लाख वस्तूंपैकी एका वेळी दालनांत असतो तो एखादा टक्काच. बाकीच्या कोठारांत असतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संग्रहालयाने जाहीर केले की मुख्यत्वे प्राचीन रत्ने आणि दागिने अशा वस्तू गहाळ, चोरीस किंवा खराब झाल्या आहेत. पुढे हा आकडा सुमारे दोन हजारांवर गेला आणि संचालकांनी पद सोडले. त्यांतल्या अनेक वस्तूंची पूर्ण नोंद झालेली नव्हती, म्हणून त्या कधी गेल्या हे कळणे अवघड झाले. गेलेल्यांचा शोध लागावा यासाठी संग्रहालयाने तशा प्रकारच्या वस्तूंची चित्रे संकेतस्थळावर ठेवून लोकांना मदतीचे आवाहन केले आणि काही वस्तू परतही आल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संपूर्ण संग्रहाच्या नोंदी पाच वर्षांत ऑनलाइन करण्याची योजना जाहीर झाली. ती पार पडली, तर कोठारातल्या एखाद्या अप्रसिद्ध रत्नाची नोंद इथल्या अभ्यासकालाही घरबसल्या पाहता येईल, आणि ‘तिथे आपले काय काय आहे’ या प्रश्नाला यादीनिशी उत्तर मिळण्याची सोय होईल.