रात्री दीडचा फोन कोणाला जातो?

नमस्कार. तुमच्यातले बरेच जण मेंटेनन्स आणि प्रॉडक्शनचे सुपरवायझर आहेत, काही जण लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर आहेत. म्हणून आज शॉप फ्लोअरपुरतंच, म्हणजे कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्या मुलींबद्दल बोलू या.

मुलगी शॉपमध्ये रुजू झाली की तिला उघड विरोध सहसा कोणी करत नाही. उलट काळजीच घेतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते. "मॅडम, तुम्ही कशाला हात काळे करताय? रिपोर्टचं बघा." रात्री दीडला प्रेस मशीन बंद पडलं की फोन तिच्याबरोबर लागलेल्या मुलाला जातो. ती मीटिंगचे मिनिट्स लिहिते, ऑडिटला आलेल्यांना गुच्छ देते, खंडेनवमीला मशीनपुढे रांगोळी काढते. वर्षअखेरीला अप्रेझलमध्ये शेरा पडतो : 'ब्रेकडाउनचा अनुभव कमी.' तो अनुभव तिला मिळू कोणी दिला नाही, हे विचारायला फॉर्मवर रकानाच नसतो.

ब्रेकडाउन रजिस्टर काढा. मशीन नंबर, वेळ, बिघाड, कोणी अटेंड केलं, हे सगळं त्यात असतंच. मागचे तीन महिने घेऊन एकाच हुद्द्यावरच्यांची नावं किती वेळा आली ते मोजा. मोठे बिघाड वेगळे मोजा. फ्यूज बदलणं आणि हायड्रॉलिक सिलिंडरचं सील बदलणं सारखं नव्हे. मग रात्रीच्या कॉलची पाळी ठरवून बोर्डावर लावा. मर्जीवर सोडलंत तर फोन सवयीच्याच नंबरला जाणार.

आता हातमोजे. स्टोअरमध्ये बहुतेक मोठे साइजच पडून असतात. लहान हाताला ते घातले की बोटांच्या टोकाशी अर्धा इंच रिकामा राहतो. पत्रा उचलताना कड जाणवत नाही, रिकामं टोक कापलेल्या कडेच्या बरमध्ये, म्हणजे धारदार कुसळात अडकतं, पकड सुटते. मग ती मोजे काढून काम करते आणि हात कापतो. अपघाताच्या अहवालात कारण काय लिहितात? 'हातमोजे घातले नव्हते.' तो अहवाल तिथेच थांबता कामा नये. इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी करताना प्रत्येकाच्या हाताचं आणि पायाचं माप घ्या. सेफ्टी शूजचंही तेच, पुढे कापूस कोंबलेला बूट शिडीवर दगा देतो.

स्वच्छतागृह ॲडमिन बिल्डिंगला असेल तर तिथवरचं अंतर चालून बघा आणि लाइनवर तेवढ्या वेळाचा रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस द्या. नाहीतर बायका पाणी पिणंच सोडतात आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने आजारी पडतात.

अश्लील विनोद, अंगचटीला येणं, लैंगिक शेरेबाजी हे मात्र कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची.

तक्रार लिहायला मदत कराल तेव्हा 'त्रास देतात' एवढ्यावर थांबू देऊ नका. तारीख, शिफ्ट, जागा, जवळ कोण होतं, आणि वापरलेले शब्द जसेच्या तसे. शिवी असेल तर शिवीच लिहायची. 'अपशब्द' लिहिलं की चौकशीत जो तो आपल्याला सोयीचा, सौम्य अर्थ लावतो.