बॉनेट उघडलं की हेराल्ड

(गॅरेजचं दार वर जातं. धूळ, उजेड, पिवळी गाडी.)

हा व्हिडिओ माझ्या काकांच्या गाडीचा. ही ट्रायम्फ स्पिटफायर 1500, दोन माणसांची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1978 ची. उभी आहे इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत, आणि बनली तीही कोव्हेंट्रीतच, कॅनलीच्या कारखान्यात. मधल्या काळात चार-पाच मालक करून पोरगी परत माहेरी आलीय. काकांनी घेतली अकराशे पौंडाला. चालू नाही, ब्रेक जाम, एका टायरमधे हवा नाही, पण कागद व्यवस्थित, आणि काकांचं म्हणणं की कागद आणि चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, धड असली की बाकी सगळं माणूस करू शकतो.

आता हा मॅग्नेट बघा. फ्रिजवरचा आहे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, काकूंचा. दाराला लावला, चिकटला. बॉनेटला लावला, चिकटला. आणि हे दाराखालचं सिल, इथे लावला आणि...

(मॅग्नेट खाली पडतो.)

पडला. म्हणजे इथे पत्रा नाहीच, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर पिवळा रंग मारलाय. विकणाऱ्याने जाहिरातीत "नुकतंच पेंट केलेली" असं लिहिलं होतं, आणि काका म्हणाले, "तिथेच मी किंमत पाडायला सुरुवात केली." मला विचाराल तर हे दहा सेकंदांचं दृश्य बघूनच लोकांनी जुनी गाडी बघायला निघावं, कारण सगळे इंजिनाच्या मागे लागतात आणि इंजिन ही या गाडीतली त्यातल्या त्यात स्वस्त भानगड आहे, महाग पडतो तो सडलेला पत्रा.

(काका दोन्ही बाजूंच्या कड्या सोडतात, बॉनेट पुढे कलंडतं.)

हा माझा सगळ्यात आवडता शॉट. नुसतं झाकण नाही, दोन्ही मडगार्डं, हेडलाइट, सगळं नाकाड एकसाथ पुढे उलटतं, आणि समोर अख्खं इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग उघडं. काका चक्क टायरवर बसून काम करतात, वाकायची गरजच नाही. आजकालच्या गाडीचं बॉनेट उघडा, काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, आणि त्याच्या पुढे कंपनी आपल्याला जाऊच देत नाही.

आणि इथे काका एकदम सांगलीत पोचतात. कारण त्यांच्या वडिलांकडे स्टँडर्ड हेराल्ड गाडी होती, मद्रासला बनलेली. तिकडे 1961 पासून हेराल्ड बनायची, आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. ट्रायम्फच्या त्याच हेराल्डची चेसी छोटी करून तिच्यावर इंग्लंडमधे ही स्पिटफायर उभी केली, पुढचं सस्पेन्शन तेच, बॉनेट पुढे कलंडायची तऱ्हाही तीच. डिझाइन दोन्हींचं इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. गंमत म्हणजे स्पिटफायरचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा कंपनीकडे पैसेच नव्हते, तो कारखान्याच्या कोपऱ्यात कापड टाकून पडला होता. 1961 मधे ट्रक-बस बनवणाऱ्या लेलँडने कंपनी घेतली, त्यांच्या माणसांनी कापड उचललं आणि पुढच्याच वर्षी गाडी बाजारात. 1980 पर्यंत तीन लाखांवर बनल्या, म्हणूनच तर आज ही परवडते. सुटे भाग नवे मिळतात, सिलसुद्धा नवं येतं घरपोच.

(काकू नसल्यामुळे क्लच मी दाबतोय, म्हणून कॅमेरा जरा हलतोय.)

ही दुसरी परीक्षा. मी क्लच दाबतो आणि काका पुढे क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीकडे बघतात. पुली पुढे-मागे सरकताना दिसली म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे आतले थ्रस्ट वॉशर झिजले. अर्धचंद्राच्या आकाराचे दोन तुकडे असतात, चार पैशांचे, पण झिजून खाली पडले तर क्रँक थेट ब्लॉकला खात सुटतो. इथे बघा, सरकतेय. काकांचा चेहरा बघा.

पण इंजिन बाहेर काढावं लागत नाही, खालून सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, सोडून बदलता येतात.

आणि तिसरी, पुढच्या चाकामागचं ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो खालचा सांधा. इथे लोक हौसेने ग्रीस भरतात, आणि चुकतं ते तिथेच, इथे तेल लागतं, गिअरबॉक्सचं नव्वद नंबरचं. कोरडं राहिलं की वरचा पोलादी भाग आतून गंजतो, एक दिवस मोडतो आणि चाक गाडीखाली आडवं होतं. काका जुना भाग हातात धरून दाखवतायत, त्या आट्यांवर जी काळी रेघ दिसतेय ती तडा आहे. ही गाडी अशीच ऐंशीने पळत होती कधीतरी.

पाने मात्र नवे घ्यावे लागले. भारतातून आणलेला सेट सगळा मिलिमीटरचा, आणि इथे प्रत्येक नट इंचात, अर्धा, सात-सोळांश, नऊ-सोळांश. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाला बसतो, म्हणजे बसल्यासारखा वाटतो, आणि मग नट गोल होतो. दोन गोल झाले.

(दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी.)

ही पट्टी कशाला? या गाडीची चेसी मधल्या कण्यासारखी आहे, कडेचा भार सिल उचलतं. आधार न देता सिल कापलं तर गाडी मधेच वाकते आणि मग दार जन्मात लागत नाही. म्हणून आधी पट्टी, मग कापाकापी, तीही एका वेळी एकाच बाजूची. कापल्यावर आतून जे निघालं ते या बादलीत आहे. गंज, वर्तमानपत्राचे बोळे, आणि एक मोजा.

आणि हा थेट सप्टेंबर. नवीन सिल, नवीन फ्लोअर, गाडी परत पिवळी.

खर्च विचाराल तर खरेदीच्या सहापट, तेवढ्यात तयार गाडी आली असती, आणि काकूंची केरळ ट्रिप दोनदा पुढे गेली. असो.

(काका कार्ब्युरेटरला रबरी नळी लावून दुसरं टोक कानाला लावतात.)

इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळून सोडणारे दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर. दोघांनी सारखी हवा ओढायला हवी, आणि ते काका कानाने जुळवतायत. या तोंडाचा फुसफुस आवाज, मग त्या तोंडाचा, स्क्रू पाव फेरा, परत ऐकायचं. अर्धा तास चाललं हे, मी दीड मिनिट ठेवलंय आणि मी एकही कट मारलेला नाही, आवाज हेडफोनवर ऐका. पहिल्यांदा एक खरखरतो, एक शिट्टी मारतो, शेवटी दोन्हींचा सूर एक होतो.

इथे ब्रिटनमधे 40 वर्षांवरच्या गाडीला अर्ज करून रोड टॅक्स माफ होतो, आणि मूळ रचना फार बदलली नसेल तर दरवर्षीची एमओटी तपासणीही सक्तीची नाही. काकांनी तरी करून घेतली. पास झाली, एका इंडिकेटरवरून शेरा मिळाला.

(रस्ता. गाडी येते, काकू शेजारी.)

गल्ली बघा किती अरुंद आहे. दोन्हीकडे गाड्या लावलेल्या. काका स्टिअरिंग पूर्ण फिरवतात, पुढची चाकं जवळजवळ आडवी होतात, आणि गाडी रिव्हर्स न घेता एका झटक्यात वळते. 24 फुटांत. हेराल्डची देणगी ही. सांगलीतल्या बोळात आजोबा अशीच वळवायचे म्हणे, आणि पोरं मागे पळायची.

(इंजिन बंद. काका उतरून गाडीखाली पुठ्ठा सरकवतात.)

तेल गळतं थोडं.