गांधार पार्किंग लॉटमध्ये

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इथे सतरंजीवर जागा आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'अमेरिकन ड्रम कोअरमधलं ब्रासवादन: संगीत की कवायत?' दोन्ही बाजू मांडायचं मी कबूल केलंय आणि मांडणारही आहे. पण माझा कल कुठे आहे ते आधीच सांगतो. ते संगीत आहे. चांगलं संगीत आहे. त्यात खोट आहे, पण ती मोठ्या आवाजाची नाही आणि कवायतीचीही नाही. ती वेगळ्याच जागी आहे, आणि तिथे बोट ठेवायला मी आज आलोय.

गेल्या महिन्यात आपण याच पडद्यावर पाहिलंत, म्हणून ओळख करून देत बसत नाही. ड्रम कोअर म्हणजे असं पथक: अमेरिकन फुटबॉलचं मैदान, दीडशेच्या आसपास पोरं-पोरी, एकविशी-बाविशीपर्यंतची. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. ७०-८० जणांच्या हातात पितळी फुंकवाद्यं, म्हणजे ब्रास, बाकीच्यांकडे ढोल आणि निशाणं. दहा-बारा मिनिटांत सगळा खेळ, आणि वर बसलेले परीक्षक शंभरपैकी गुण देतात.

आता एक गोष्ट सांगतो. मी अमेरिकेतल्या इंडियानात नोकरीला होतो तेव्हाची. सुट्टीत पुण्याला आलो होतो, बरोबर एका पथकाच्या वादनाची कॅसेट होती. एका मोठ्या रसिकांच्या घरी बैठक होती. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांच्या कानाबद्दल मला आजही आदर आहे. मी भीतभीत म्हटलं, जरा ऐका. त्यांनी ऐकलं. चाळीस सेकंद. मग हात लांब करून टेप बंद केला आणि म्हणाले, "वरातीचा बँड आहे हो हा, फक्त गणवेश इस्त्रीचा." सगळे हसले. मला उत्तर देता आलं नाही. उत्तर होतं माझ्याकडे, पण ते त्या कॅसेटमध्ये नव्हतं. ते एका पार्किंग लॉटमध्ये होतं.

तिथल्या शेजारच्यांचा मुलगा एका पथकात बॅरिटोन, म्हणजे मधल्या सुरांचं पितळी वाद्य, वाजवायचा. त्याच्या आईने आग्रह केला म्हणून मी एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेलो. स्पर्धा रात्री होती. ती म्हणाली, आधी लॉटवर चल. या मंडळींच्या बोलण्यात 'लॉट' हा शब्द आपल्या 'ग्रीनरूम'सारखा येतो. स्टेडियमच्या मागे गाड्या लावायची जागा, डांबर तापलेलं, बसच्या सावलीत पाण्याचे पिंप. तिथे ही मुलं अर्धगोलात उभी होती. मधे एक शिक्षक, टोपी, शिटी, बसलेला घसा.

त्याने आधी वाद्यं खाली ठेवायला लावली आणि म्हणाला, गा. मी चमकलो. सत्तर मुलं, मुलगे जास्त, गणवेशाच्या पँटवर साधे बनियन, आणि सगळी तोंड मिटून एक सूर गुणगुणताहेत. पांढरी पाच, म्हणजे पाश्चात्त्यांचा 'जी' सूर. तेव्हा या पथकांची वाद्यं 'जी'मध्ये असत, म्हणून पांढरी पाच. मग त्याने वाद्यं उचलायला सांगितली. कॉन्ट्रा, म्हणजे खांद्यावर घ्यायचे ते मोठे खर्जाचे भोंगे, त्यांनी षड्ज धरला. वरच्यांनी पंचम. आणि शेजारच्या मुलाच्या ओळीला, बॅरिटोनला, गांधार.

ऐकायला बरं होतं, पण काही विशेष नाही. शिक्षकाने थांबवलं. बॅरिटोनकडे वळला, तळहात जमिनीकडे केला आणि एवढासा, बोटाच्या पेराएवढा खाली आणला. पुन्हा. पुन्हा तळहात खाली. पुन्हा. चौथ्या खेपेला तो गांधार बसला. आणि मंडळी, हवाच बदलली. आवाज वाढला, पण कुणी जोर लावला नव्हता. वर, सगळ्यांच्या वर, एक बारीक सूर ऐकू यायला लागला, जो तिथे कुणीच वाजवत नव्हतं. शेजारच्या मुलाची आई माझ्याकडे बघत होती, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते का, हे मला इंग्रजीत सांगता येईना.

तुम्हाला सांगायची गरज नाही. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार वर येतो. स्वयंभू गांधार. मी किराणा घराण्याच्या गायकीच्या तालमीत वाढलो, माझ्या गुरुजींनी दोन वर्षं मला तो नुसता ऐकायला लावला होता. पियानोच्या पट्टीवरचा गांधार त्याच्यापेक्षा १४ सेंट चढा असतो, एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. हार्मोनियमवरचा आपला जुना रोष तो याचसाठी. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हा झालेल्या वादात हा चढा गांधार होताच. आणि इथे इंडियानात, मक्याच्या शेतांच्या मधोमध, टोपीवाला एक माणूस पोरांना तेच चौदा सेंट हाताने खाली आणून देत होता. त्याला किराणा हा शब्द माहीत असायचं कारण नाही. पितळी नळीच त्याला ते शिकवते.

ते कसं, हे दोन मिनिटांत सांगतो, कारण यात इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी ही पथकं वाढवली. वाद्य होतं लष्करी ब्युगल. ब्युगलला कळ नसते. ओठ आवळायचे आणि नळी जे देईल ते घ्यायचं: सा, प, सा, ग, प. आपली तुतारीही त्याच कुळातली. पुढे एक कळ आली. १९७१ मध्ये पथकांनी स्वतःची संघटना काढली, ड्रम कोअर इंटरनॅशनल, आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९७७ मध्ये दोन कळांची परवानगी मिळाली. १९९० मध्ये तीन, म्हणजे सगळे स्वर हाताशी आले. २००० पासून कुठल्याही पट्टीची वाद्यं चालायला लागली आणि ब्युगल मागे पडलं. प्रत्येक वेळी जुनी माणसं म्हणाली, संपलं आता. पण नळी तीच आहे. तिचा नैसर्गिक गांधार आजही तोच आहे.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण 'कवायत' म्हणणाऱ्यांना ही ठाऊक नसते. मैदान ९१ मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एका टोकाचा ट्रम्पेट दुसऱ्या टोकाला ऐकू यायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. लय मिनिटाला १८० मात्रांची असेल तर एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याची. म्हणजे जवळजवळ अख्खी मात्रा मागे! तबलजीला गायकापासून नव्वद मीटरवर बसवा आणि सम गाठून दाखवा. या पोरांना शिकवतात की बाजूचा आवाज ऐकून वाजवू नका, मागून येणाऱ्या ढोलावर कान ठेवा, कारण तो तुमच्यापर्यंत येतो आणि तुमच्याच आवाजाबरोबर प्रेक्षकांकडे जातो. फार लांब पांगलात तर कानही सोडा, ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभा राहून हाताने लय दाखवणाऱ्याच्या, हाताकडे बघा. आणि ड्रम मेजरची नजर ढोलवाल्यांच्या पायांवर. हे सगळं मागे चालत, तिरकं धावत, श्वास सांभाळत. जे लयीचं इतकं सूक्ष्म भान ठेवतात त्यांना कवायती म्हणून हिणवायचं?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर मुख्य मुद्दा. तो सांगायला आलो होतो आणि आता पळावं लागणार.

पहिला आक्षेप, आवाज फार. आवाज मोठा आहेच, वाद्यांची तोंडं मुद्दाम पुढे केलेली असतात. पण मोठा आणि कर्कश यात फरक आहे. सुरात नसलेले सत्तर भोंगे कर्कश लागतात. सुरात असलेले सत्तर भोंगे अंगावर येतात, पण टोचत नाहीत. ज्यांना शंका आहे त्यांनी रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंट या पथकाचा खर्ज ऐकावा.

दुसरा आक्षेप, स्पर्धेने संगीत मारलं. इथे मी अर्धा सहमत आहे. १९८३ पर्यंत परीक्षक मैदानात फिरून प्रत्येक चुकीला दशांश गुण कापायचे. १९८४ पासून ते बंद झालं, बरं झालं. पण आजची वाटणी बघा: एकूण परिणामाला ४०, दृश्याला ३०, संगीताला ३०. आणि त्या तिसात ब्रास, ताल आणि एकत्रित संगीत असे तीन सारखे वाटे. म्हणजे ब्रासला स्वतःचे असे शंभरात दहा. परिणामाला चाळीस असले की काय होतं? पुण्यातल्या माणसाला हे मी सांगायला नको. पुरुषोत्तम करंडकाला बसलेल्यांना 'स्पर्धेची एकांकिका' म्हणजे काय ते माहीत आहे. दर मिनिटाला धक्का, दर वळणावर टाळी. मुलं जीव ओततात, पण मधे कुणी नुसतं उभं राहून एक वाक्य शांतपणे बोलू धजत नाही. इथेही तेच. स्वर लागतो आणि लागता लागता सोडून द्यावा लागतो, कारण पुढची रचना, पुढची उडी, पुढचा धक्का वाट बघतोय. लॉटवर त्या गांधाराला बसायला चार खेपा लागल्या होत्या. मैदानावर त्याला एक मात्रा मिळते.

खोट आहे ती ही. सुराला थांबायला वेळ नाही. मुलांना थांबता येत नाही असं नाही, संध्याकाळी सहाला तीच मुलं थांबत होती.

१९९३ ची गोष्ट एका वाक्यात. स्टार ऑफ इंडियाना या पथकाने बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांचं संगीत घेतलं, ग्रीक शोकांतिकेतल्या मीडियाची कथा, टाळीसाठी जागा जवळजवळ नाहीच. प्रेक्षकांतले बरेच नाराज झाले. प्रतिस्पर्धी कॅडेट्स पथकाला ९७.४, स्टारला ९७.३. दशांश गुणाने हरले, आणि त्यानंतर ते स्पर्धेतून बाहेरच पडले. त्याच लोकांनी पुढे रंगमंचावर नेलेल्या प्रयोगाला २००१ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. मला तो निकाल चूक वाटतो. कॅडेट्स उत्तम होते, तरी मला चूक वाटतो.

तिसरी गोष्ट, इलेक्ट्रॉनिक्स. २००९ पासून सिंथेसायझर चालतो. माझं त्याच्याशी वैर नाही, पण खर्जाखाली त्याचा घुमारा भरला की ट्यूबाचं, म्हणजे त्या खर्जाच्या भोंग्यांचं, काम झाकलं जातं. षड्ज ज्याने धरायचा त्याचाच सूर ऐकू येत नसेल तर गांधार कशावर टेकणार? आणि सिंथेसायझरचा गांधार पियानोच्या पट्टीचा, त्या चौदा सेंटसकट. या एका मुद्द्यावर अर्धा तास बोलायची तयारी करून आलो होतो, ते राहू दे.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक कार्यक्रमात एक जागा अशी असावी की जिथे सगळे स्थिर उभे आहेत, वाद्यं वर, सिंथेसायझर बंद, माइक बंद, आणि एकच स्वरसंगती पूर्ण श्वासभर धरलेली. आणि ब्रासच्या परीक्षकाने त्या श्वासाला गुण द्यावेत. त्या जागी कुठलं पथक कुठे आहे ते दहा सेकंदांत कळेल, तुम्हालाही कळेल, वाद्याचं नाव माहीत नसलं तरी.

शेवटी ऐकवतो. दोनच मिनिटं, चिठ्ठी पाठवू नका. हे अलीकडचं आहे, लॉटवरचंच, मी स्वतः उभं राहून मुद्रित केलेलं. मधे एक गाडी जाते, तिकडे लक्ष देऊ नका. आता वाद्यं 'बी फ्लॅट'मध्ये आहेत, म्हणून मघाशी ताईंना विनंती करून तानपुरा काळी पाचला मिळवून ठेवलाय. ताई, आधी तुम्ही सुरू करा, एकट्याच. पंखे बंद करता का कुणी? हं. आता खर्जाच्या तारेकडे कान ठेवा, वर काय येतंय ते ऐका. तो कानात धरून ठेवा. मी आता हे लावतो. पहिल्या दोन खेपांना तो गांधार चढा आहे, तिसऱ्यांदा ऐका.